घरच्या शेडमध्ये विमान: खान्देशात छोटं विमान बांधायचं तर कामाचा क्रम काय ठेवावा

खान्देशात हातात कसब असलेल्या माणसांची वाण नाही. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर आहेत, जळगाव एमआयडीसीतले डायमेकर आहेत, तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डर आहेत. त्यामुळे घरी विमान बांधायला निघालेल्या माणसाचं काम हातांअभावी सहसा अडत नाही. अडतं ते क्रम चुकल्यामुळे. हौसेने आधी इंजिन घेतलं जातं, मग पंख सुरू होतात, आणि कागदपत्रांचा विचार येतो तेव्हा लक्षात येतं की जे बांधलं त्याची नोंदच होऊ शकत नाही. मी क्रम उलटा सांगणार आहे. शेवटी लागणारी गोष्ट आधी बघायची.

आधी धावपट्टी आणि कागद

धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे, जळगावला विमानतळ आहे, शिरपूरजवळ तांड्याची धावपट्टी आहे. तिन्ही ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण चालत आलं आहे. एवढ्याशा टापूत तीन धावपट्ट्या ही आपली मोठी जमेची बाजू. पहिल्या महिन्यात हातात पाना न घेता तिथे जाऊन दोन गोष्टी विचारा: चाचणीसाठी धावपट्टी मिळण्याची लेखी अट काय, आणि विमान उभं करायला जागा कुठे. शेतातल्या सपाट पट्ट्यावरून उडवू, हा विचार डोक्यातून काढून टाका. केळीच्या बागा, विजेच्या तारा आणि मे महिन्यातल्या वावटळी यांच्यामध्ये चाचणी करायची नसते.

दुसरा कागद तुमचा स्वतःचा. खासगी वैमानिक परवान्यासाठी वय किमान १७ वर्षं, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. बांधकाम सुरू करायच्या आधी निदान काही तास तरी प्रशिक्षकाबरोबर उडा. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग, हलवल्यावर विमान काय करतं हे ज्याच्या हाताला माहीत आहे, तो एलेरॉनची बिजागरी वेगळ्या काळजीने बसवतो.

तिसरा कागद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आहे. नोंदणी आणि उड्डाण परवाना यांशिवाय आकाशात जाता येत नाही, हे मात्र तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. किती वेळ लागू शकतो याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये चाचणी झाली ती आपल्या धुळ्यात. बांधून दाखवल्यावर उडेपर्यंत चार वर्षं! म्हणून डिझाइन ठरवण्याआधीच डीजीसीएला पत्र लिहा, कोणत्या प्रकारात नोंद होणार ते विचारा, तपासणी कोणकोणत्या टप्प्यावर हवी ते लेखी घ्या. पंख बंद करून झाल्यावर तपासनीस म्हणाला की आतला स्पार, म्हणजे पंखाचा कणा, दाखवा, तर पत्रा कापावा लागतो.

नकाशा स्वतःचा नको

स्वतः डिझाइन करायचा मोह सगळ्यांनाच होतो. टाळा. पंखाचा आकार कागदावर काढणं सोपं. पण फडफड, म्हणजे फ्लटर, कोणत्या वेगाला सुरू होईल आणि गिरकीतून विमान बाहेर येईल की नाही, हे ज्याने अनेक विमानं उडवून पाहिली त्यालाच ठाऊक असतं. घरगुती विमानांची चळवळ जुनी आहे. अमेरिकेत बर्नार्ड पीटनपॉल यांनी १९२९ मध्ये फोर्डच्या मोटारीचं इंजिन लावून लाकडाचं विमान उडवलं, त्याचे नकाशे आजही वापरले जातात. १९५३ मध्ये तिथे हौशी बांधणाऱ्यांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू झाली. इतक्या वर्षांत शेकडो लोकांनी बांधून, उडवून, चुका सुधारून घेतलेले नकाशे मिळत असताना कोऱ्या कागदापासून सुरुवात कशाला?

लाकूड, स्टीलच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचा पत्रा असे तीन रस्ते आहेत. लाकडासाठी सिटका स्प्रूस लागतं, ते इकडे मिळत नाही. आपला सुतार साग सुचवेल, पण स्प्रूसचा घनमीटर साडेचारशे किलोच्या आत असतो आणि सागाचा साडेसहाशेच्या आसपास. सागाचं विमान देखणं होईल, जड होईल. क्रोमोली स्टीलच्या नळीचं वेल्डिंग उत्तम हाताचंच काम आहे. ट्रॉली जोडणारा वेल्डर दोन मिलिमीटरच्या आतल्या जाडीची नळी सहज जाळून टाकतो. माझा कौल ॲल्युमिनियमला, त्यातही एका बाजूने बसणाऱ्या ब्लाइंड रिव्हेटच्या डिझाइनला. ख्रिस हाइन्त्झ यांचं झेनिथ सीएच ७०१ किंवा त्यानंतरचं सीएच ७५० हे त्या जातीचं: पत्रा सरळ वाकवायचा, भोकं पाडायची, रिव्हेट मारायचे. पत्र्याचं काम करणारा कुणीही शिकू शकतो.

आसनं दोन असावीत, असं मला वाटतं. एकट्याच्या विमानात पहिल्या दिवशी शेजारी प्रशिक्षक बसू शकत नाही.

माल: इथे स्वस्ताई नको

विमानाच्या पत्र्यासाठी आणि अँगलसाठी नकाशात बहुधा ६०६१-टी६ हा मिश्रधातू लिहिलेला असतो. धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारात ॲल्युमिनियम मागितलं तर मिळतं ते सरकत्या खिडक्यांचं सेक्शन, ते ६०६३ चं. दिसायला सारखंच, ताकदीला बरंच कमी. मुंबई-पुण्याहून मागवताना ग्रेड, टेंपर (कडकपणा) आणि हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) असलेलं चाचणी प्रमाणपत्र मागा आणि प्रत्येक पत्र्यावर तो नंबर मार्करने लिहून ठेवा. प्रमाणपत्र नसेल तर तो पत्रा शेडच्या छपराला वापरा.

बोल्टचंही तसंच. हार्डवेअरवाला म्हणेल, “साहेब, ८.८ चा बोल्ट आहे, तुटायचा नाही.” ताणाच्या ताकदीत तो विमानाच्या एएन बोल्टच्या फार मागे नसतोही. फरक दुसरीकडे आहे. एएन बोल्टचा बिनआट्यांचा भाग जोडाच्या जाडीनुसार ठराविक पायऱ्यांनी मिळतो, त्यामुळे आटे भोकाच्या आत येत नाहीत. बाजारातल्या बोल्टचे आटे जोडाच्या आत शिरतात, कंपनाने भोक कानस लावल्यासारखं मोठं करतात, आणि एक दिवस जोड खुळखुळायला लागतो. पंखाच्या जोडाचे, कंट्रोलचे आणि इंजिन माउंटचे बोल्ट प्रमाणित दुकानदाराकडूनच घ्या. फिरणाऱ्या जोडावर, म्हणजे जिथे बोल्टभोवती काहीतरी हलतं तिथे, नायलॉनच्या नटावर भरवसा ठेवू नका. खाचांचा कॅसल नट आणि त्या खाचेतून जाणारी कॉटर पिन लावा.

शेड आणि पहिलं काम

एका बाजूचा पंख चार-साडेचार मीटरचा. सहा मीटर बाय चार मीटरची बंद खोली पुरते, खळ्यातली गोदामाची शेड असेल तर उत्तमच. पण दार आणि बोळ आधी मोजा. टेबल महत्त्वाचं: साडेचार मीटर लांब, जाड प्लायवूडचं, खाली लोखंडी सांगाडा, चारही पाय बोल्टने उंच-खाली करता येणारे. टेबल वाकडं असेल तर पंख पिळवटलेला तयार होतो आणि ते नंतर सुधारत नाही.

टेबल सरळ करायला महागडी लेझर लेव्हल घ्यायची गरज नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या. दहा मीटरच्या अंतरावरही ती मिलिमीटरभराचा फरक दाखवते, फक्त आत हवेचा बुडबुडा नको. पुढे दोन्ही पंखांची उंची, त्यांचा बसवण्याचा कोन आणि शेपटीची पातळी याच नळीने आणि ओळंब्याने जुळवायची आहे.

कामाची सुरुवात शेपटीपासून करा, रडरपासून, म्हणजे उभ्या शेपटीच्या हलणाऱ्या भागापासून. लहान भाग आहे, पत्रा कमी लागतो, बिघडला तर पुन्हा करता येतो, आणि पंखात लागणारं जवळजवळ प्रत्येक कौशल्य त्यात येतं. मग आडवी शेपटी, तिचा हलणारा भाग म्हणजे एलिव्हेटर, त्यानंतर पंख, मग धड, आणि इंजिन सर्वांत शेवटी. इंजिन लवकर आणलं तर त्याची हमीची मुदत शेडमध्येच संपते.

भोक आणि रिव्हेट

हजारो भोकं पाडायची आहेत, म्हणून हा भाग नीट वाचा. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट हवं. ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट असेल तर किमान ६.४ मिलिमीटर, नकाशात जास्त दिलं असेल तर नकाशाचं. आधी लहान भोक पाडा, क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी पत्रे एकत्र पकडा, मग पूर्ण मापाचं भोक पाडा. त्यानंतर सगळं उकलायचं, प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढायची, पत्र्यांमधला कचरा पुसायचा, प्रायमर लावायचा, पुन्हा जोडायचं आणि मग रिव्हेट. कंटाळवाणं आहे, पण बर राहिली तर पत्रे एकमेकांना चिकटत नाहीत आणि तडा तिथूनच सुरू होतो. पत्र्याच्या कापलेल्या कडाही कानसीने गुळगुळीत करा.

जिथे नकाशात भरीव रिव्हेट सांगितला आहे तिथे माप असं: ठोकण्याआधी तो पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट यावा, ठोकल्यावर तयार झालेलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्ध्याइतकं उंच असावं. म्हणजे ३.२ च्या रिव्हेटला ४.८ रुंद आणि १.६ उंच. पत्र्याच्या तुकड्यातून एक छोटा गेज कापून घेतला की डोळ्यांवर अवलंबून राहावं लागत नाही.

आता आपल्याकडची खास अडचण. ॲल्युमिनियमचा चार मीटरचा पत्रा २० अंशांनी तापला तर जवळपास १.८ मिलिमीटर वाढतो. मे महिन्यात दारातून येणाऱ्या उन्हात पत्रा आणि सावलीत स्पार, अशा स्थितीत दुपारी भोकं पाडली तर संध्याकाळी ती जुळत नाहीत किंवा पत्रा डोंगरासारखा फुगतो. लांब पत्र्यांचं ड्रिलिंग पहाटे करा आणि दोन्ही भाग रात्रभर एकाच सावलीत ठेवा. इपॉक्सी या चिकटद्रव्याचंही तेच: तापमान दहा अंशांनी वाढलं की भांड्यातला वापरायचा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर २५ अंशांना अर्धा तास लिहिलं असेल तर ४५ अंशांच्या शेडमध्ये सात-आठ मिनिटांत ती घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात रंगकाम नको, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते.

रंगाच्या बाबतीत एक सूचना. गावातला पेंटर प्रेमाने रडरवर भलंमोठं नाव आणि देवाचं चित्र काढून देईल. रडर, एलिव्हेटर, एलेरॉन यांच्या मागच्या कडेला जास्त रंग साठला की त्यांचा तोल मागे जातो आणि फ्लटरचा धोका वाढतो. नाव धडावर लिहा.

नोंदवही, आणि दुसऱ्याचे डोळे

रोजचं काम तारखेसह लिहा, बंद होणाऱ्या प्रत्येक भागाचे फोटो बंद करण्याआधी काढा, पत्र्याचा हीट नंबर, इपॉक्सीचा बॅच नंबर, बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, नोंदवा. तीन-षोडशांश इंचाच्या एएन३ बोल्टला साधारण २० ते २५ इंच-पौंड पुरतात, पाव इंचाच्या एएन४ ला ५० ते ७०. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतो आणि एएन३ चे आटे घालवतो, म्हणून लहान मापाचा टॉर्क पाना घ्याच. आवळून झाल्यावर नट आणि पत्रा यांवरून रंगाची एक रेघ ओढा. पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

प्रत्येक टप्पा विमान देखभालीच्या परवानाधारक अभियंत्याला दाखवा. प्रशिक्षण संस्थांच्या हँगरमध्ये अशी माणसं भेटतात. शेजारपाजारचे लोक तर येतातच. “भाऊ, हाई इमान उडी का?” हा प्रश्न रोज ऐकावा लागेल, त्याला उत्तर देत बसू नका. पण एखाद्या निवृत्त फिटरने “हा जोड मला पटत नाही” म्हटलं तर काम थांबवा आणि कारण विचारा.

इंजिन, आणि पंपावरचं पेट्रोल

बुलेटचं किंवा मोटारीचं इंजिन लावायची कल्पना प्रत्येकाला सुचते. मोटारीची इंजिनं जगात उडतात हे खरं, फोक्सवॅगनच्या जुन्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा त्यात मोठा वाटा. पण पंख्याला २५०० च्या आसपास फेरे लागतात आणि मोटरसायकलचं इंजिन ताकद देतं ते त्याच्या कितीतरी पट फेऱ्यांवर. मधल्या गिअरमध्ये पिळाची जी कंपनं तयार होतात तीच बहुतेक प्रयोग बुडवतात. रोटॅक्स ९१२ मध्ये हा गिअर कारखान्यातूनच बसवलेला असतो. ५८०० फेऱ्यांना ८० हॉर्सपॉवर, आणि पंख्याला साधारण २५५० फेरे. प्रज्वलनाच्या यंत्रणाही दोन. बांधणीतला सर्वांत मोठा खर्च हाच, तो इथे करा आणि रेडिओ-पडद्यांवर वाचवा.

इंधनाचा प्रश्न आता नवा झाला आहे. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. रोटॅक्स ९१२ ला मात्र दहा टक्क्यांपर्यंतचंच चालतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि काही फायबरच्या टाक्या, रबरी नळ्या आणि सील खराब करतं. तपासायचं कसं? मापाच्या उभ्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवा आणि ठेवून द्या. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास चढला तर वीस टक्के आहे. दुसरा पर्याय एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत बनवतं. पुरवठ्याची चौकशी प्रशिक्षण संस्थेमार्फत करणं सोयीचं.

टाकी बसवल्यावर इंधनाचा प्रवाह मोजल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. विमानाचं नाक चढाईत असतं तितकं उंच करा, टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून भांड्यात धरा. पूर्ण ताकदीला ताशी २४ लिटर लागत असतील तर पंपाने येणारा प्रवाह सव्वापट, म्हणजे ताशी ३० लिटर हवा, एक लिटरला दोन मिनिटं. नुसत्या उताराने येत असेल तर दीडपट, एक लिटरला शंभर सेकंद. हे बाहेर करा, ठिणगीपासून दूर, आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवून.

तोल

दालमिलमध्ये वापरतात तसे तीन इलेक्ट्रॉनिक काटे मिळवा, प्रत्येक चाकाखाली एक. विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवा आणि वारा बंद करा. समजा पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे मोजायचं ठरवलं. नाकाचं चाक ०.७५ मीटर पुढे आहे, त्यावर ६० किलो; मागची दोन चाकं ०.६५ मीटर मागे, त्यांवर मिळून २०० किलो. गणित: प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर, पुढचं अंतर उणे; उणे ४५ अधिक १३० म्हणजे ८५, त्याला २६० ने भागा, ०.३२७ मीटर. आता ७५ किलोचा वैमानिक ०.५५ वर, आणि ४० लिटर पेट्रोल म्हणजे २८.८ किलो ०.६० वर. एकूण वजन ३६३.८, बेरीज १४३.५, गुरुत्वमध्य ०.३९४ मीटर. पंखाची रुंदी १.४० मीटर असेल तर हा २८ टक्क्यांवर आला. नकाशात दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. रिकामी टाकी, भरलेली टाकी, मागे सामान, जड माणूस, हलका माणूस अशी सगळी जुळवणी करून तक्ता बनवा. मध्य मागच्या मर्यादेच्या बाहेर गेला तर उडूच नका. नाकजड विमान कष्टाने उडतं, शेपूटजड विमान हाताबाहेर जातं.

डिझाइनमध्ये काही बदल केला असेल तर पंखाची भारचाचणी करावी लागेल. पंख उलटा ठेवून वाळूच्या पिशव्या, मुळाशी जास्त आणि टोकाकडे कमी. ४५० किलोचं विमान, त्यात पंखांचं वजन ५० किलो, आणि ३.८ पट भार धरला तर दोन्ही पंखांना मिळून १५२० किलो, एका पंखाला ७६०. उलटा पंख स्वतः २५ किलो असल्याने पिशव्या ७३५ किलोच्या. भार काढल्यावर पंख पूर्ववत यायला हवा. प्रत्यक्ष उडवायचा पंख याच्या पलीकडे ताणू नका. नकाशाबरहुकूम बांधलं असेल तर याची गरज पडत नाही, आणि बदल न करण्याचं हे चांगलं कारण आहे.

पहिले दिवस

साधारण २५० मीटर उंचीची धावपट्टी आणि ४५ अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ४६०० फुटांवर आहोत असं वाटतं. साध्या इंजिनाची ताकद तेरा-चौदा टक्क्यांनी घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांना हाच आकडा ४०० फुटांच्या आसपास येतो. म्हणून पहिली चाचणी डिसेंबर-जानेवारीत, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, वारा नसताना.

त्याआधी जमिनीवर धावणं: सुरुवातीला चालण्याच्या वेगाने, मग वेगाने, प्रत्येक वेळी ब्रेक, तेलाचं तापमान आणि नळ्यांची गळती बघत. कंट्रोल उलटे जोडले गेले नाहीत ना, हे रोज तपासा: काठी डावीकडे नेली की डावं एलेरॉन वर यायला हवं. हे हास्यास्पद वाटेल, पण अनुभवी मेकॅनिकच्या हातूनही केबल उलट्या जोडल्या गेल्या आहेत.

पहिलं उड्डाण त्या जातीचं विमान उडवलेल्या चाचणी वैमानिकाने करावं. बांधणाऱ्याने नाही. स्वतःच्या हाताने बांधलेल्या गोष्टीचा आवाज बदलला तरी बांधणारा ती वाचवायला बघतो, वैमानिक स्वतःला वाचवायला बघतो. विमानात दुसरं कुणी नको. उड्डाण झाल्यावर इंजिनाचं कव्हर उघडून प्रत्येक नळी, प्रत्येक रेघ बघा. दहा तासांनी पंखाचे बोल्ट आणि इंजिन माउंट पुन्हा टॉर्क करा, पंचवीस तासांनी तेल आणि फिल्टर बदला, आणि फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते डोळ्यांनी आणि चुंबकाने शोधा.